भाताच्या जनुकांची खातेवही आणि गावाची नोंदवही

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील म्हसा हे गाव पौष पौर्णिमेला भरणाऱ्या म्हसोबाच्या यात्रेसाठी व तेथील बैलबाजारासाठी प्रसिद्ध आहे. बैल पारखताना जाणता शेतकरी त्याचे दात, खूर आणि चाल पाहतो. बियाण्याची पारखही तो अशीच अनुभवाने करतो. मुरबाड व शहापूर हे दोन्ही तालुके मुख्यतः भाताचे. कोणते वाण हळवे, कोणते निमगरवे, कोणते गरवे. कोणत्या खाचरात पाणी साचते आणि तेथे काय टिकते. कोणत्या तांदळाची पेज चांगली होते, हे ज्ञान येथे पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आले आहे.

याच भातासंबंधीचे आणखी एक ज्ञान अलीकडच्या काळात संगणकात साठविले जात आहे. सजीवांच्या जनुकांची व त्यांच्या शरीरात चालणाऱ्या रासायनिक क्रियांची पद्धतशीर नोंद ठेवणाऱ्या या शाखेस जैवमाहितीशास्त्र म्हणतात. हा विषय प्रयोगशाळेपुरता मर्यादित आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. तथापि, या नोंदींचा ग्रामपंचायतीच्या दप्तराशी निकटचा संबंध आहे.

नुसती यादी पुरेशी नाही

प्रत्येक सजीवाच्या पेशीत त्याच्या घडणीचा आराखडा असतो. हा आराखडा चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो. त्यातील अर्थपूर्ण वाक्ये म्हणजे जनुके आणि संपूर्ण आराखडा म्हणजे जनुकसंच. भाताचा जनुकसंच बारा गुणसूत्रांत विभागलेला असून त्यात सुमारे ३८ कोटी ९० लाख अक्षरे आहेत. भारतासह दहा देशांच्या सहकार्याने तो वाचण्यात आला आणि त्याचा सविस्तर अहवाल ऑगस्ट २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. अकराव्या गुणसूत्राच्या एका भागाचे काम दिल्ली विद्यापीठाचा दक्षिण परिसर व भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची नवी दिल्ली येथील संस्था यांनी केले. या अहवालात ३७,५४४ जनुके नोंदविण्यात आली.

परंतु जनुकांची यादी म्हणजे गावातील खातेदारांची नुसती नावे. कोणाची जमीन कोठे आहे, तीत काय पिकते आणि कोणाचे पाणी कोणाच्या शेतातून जाते, हे नावांवरून कळत नाही. बहुतेक जनुकांच्या आज्ञेने प्रथिने तयार होतात आणि त्यांपैकी अनेक प्रथिने विकर म्हणून, म्हणजेच एन्झाइम म्हणून, काम करतात. एक विकर एका पदार्थाचे दुसऱ्यात रूपांतर करते, पुढचे विकर दुसऱ्याचे तिसऱ्यात. अशा साखळीस चयापचय मार्ग म्हणतात. पिष्ट, रंग, सुवास, कीडरोधक द्रव्ये ही सर्व अशाच मार्गांची फलिते होत.

आज्ञावली काय करते

जनुकांच्या यादीवरून हे मार्ग शोधून त्यांचा माहितीकोश तयार करणाऱ्या संगणक-आज्ञावल्यांपैकी ‘पाथवे टूल्स’ ही एक प्रमुख आज्ञावली आहे. अमेरिकेतील एसआरआय इंटरनॅशनल या संस्थेत पीटर कार्प यांच्या गटाने ती विकसित केली. त्यांचा आरंभीचा माहितीकोश ‘ईकोसाइक’ हा ई. कोलाय या जिवाणूसंबंधी होता. त्याचे काम १९९२ मध्ये सुरू झाले. जपानमधील क्योटो येथे मिनोरू कानेहिसा यांनी १९९५ मध्ये ‘केग’ या अशाच उपक्रमाचा आरंभ केला.

या आज्ञावलीची कार्यपद्धती समजण्यास कठीण नाही. तिच्यापाशी ‘मेटासाइक’ हा संदर्भकोश असतो. त्यात निरनिराळ्या सजीवांमध्ये प्रयोगाने सिद्ध झालेले तीन हजारांहून अधिक चयापचय मार्ग नोंदलेले आहेत. नव्या सजीवाची जनुके हाती आली की आज्ञावली प्रत्येक विकराची या कोशाशी तुलना करते. एखाद्या मार्गातील पुरेशी विकरे आढळली तर तो मार्ग त्या सजीवात असावा, असे अनुमान ती काढते. साखळीतील एखादे विकर सापडले नाही, तर तेथे रिकामी जागा दाखविते व तिला योग्य ठरू शकेल असे जनुक सुचविते. भाताचा ‘राइससाइक’ हा कोश याच आज्ञावलीच्या साहाय्याने तयार झाला.

यानंतरचा टप्पा विशेष महत्त्वाचा आहे. संगणकाने काढलेले अनुमान हे अनुमानच असते. म्हणून तज्ज्ञ मंडळी प्रसिद्ध झालेले संशोधन वाचून नोंदी तपासतात, चुकीचे मार्ग वगळतात आणि प्रत्येक नोंद प्रयोगाने सिद्ध झाली आहे की केवळ संगणकाने सुचविली आहे, याची खूण करतात. पीकपाहणी शेतावर न जाता झाली तर सातबाऱ्यावरील पीक आणि शेतातील पीक यांचा मेळ बसत नाही. जनुकांच्या खातेवहीलाही हाच नियम लागू पडतो.

सुवासाचे उदाहरण

तांदळाच्या सुवासाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. भाताच्या आठव्या गुणसूत्रावरील ‘बीएडीएच-२’ हे जनुक एक विकर घडविते. हे विकर विशिष्ट पदार्थाचे पुढे रूपांतर करीत राहते. बासमतीसारख्या वाणांत या जनुकातील आठ अक्षरे गळलेली असतात. परिणामी विकर निकामी होते, तो पदार्थ साचतो आणि त्यापासून सुवास देणारे द्रव्य तयार होते. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ही गोष्ट दाखवून दिली. ज्याला बाजारात अधिक भाव मिळतो तो सुवास म्हणजे साखळीतील एक तुटलेला दुवा होय. सर्वच सुवासिक वाणांत हाच बदल असतो असेही नाही. म्हणून प्रत्येक स्थानिक वाणाची स्वतंत्र तपासणी आवश्यक ठरते.

जे नोंदीत नाही

येथेच एक मर्यादा स्पष्ट होते. २००५ मध्ये वाचला गेलेला जनुकसंच ‘निप्पॉनबारे’ या जपानी वाणाचा होता. ओडिशातील एका पारंपरिक वाणातून निवडलेले ‘एफआर १३ ए’ हे भात पुराच्या पाण्यात सुमारे दोन आठवडे बुडाले तरी तग धरते. हा गुण देणारे ‘सब-१ए’ हे जनुक २००६ मध्ये ओळखले गेले, तेव्हा निप्पॉनबारेमध्ये ते मुळातच नाही असे आढळले. केवळ जपानी वाणाची खातेवही पाहणाऱ्यास या जनुकाचा पत्ताही लागला नसता. त्या पारंपरिक वाणाचे बी जतन झाले होते, म्हणूनच पुढे ‘स्वर्णा सब-१’ हे वाण तयार होऊन २००९ मध्ये भारतात लागवडीसाठी प्रसारित झाले.

ही उणीव भरून काढण्यासाठी ८९ देशांतील सुमारे तीन हजार भात वाणांचे जनुकसंच वाचण्यात आले व ती माहिती २०१४ मध्ये सर्वांस खुली झाली. तरीही जे बी कोणाच्या कणगीतच उरले नाही, त्याचा जनुकसंच कोणताही संगणक वाचू शकत नाही. शिवाय जनुकसंचावरून वाणाचे गाव, त्याचे स्थानिक नाव, ते राखणाऱ्या कुटुंबाचा अनुभव यांपैकी काहीच कळत नाही.

ग्रामपंचायतीचे कार्य

ही दुसरी बाजू सांभाळण्याची तरतूद कायद्यात आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ नुसार शेतकऱ्यांनी राखलेल्या वाणांची नोंदणीही करता येते. शेजारच्या पालघर जिल्ह्यातील वाडा कोलम तांदळास २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सह्याद्रीच्या पलीकडे अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० च्या पद्मश्री पुरस्कारासाठी त्यांची निवड झाली.

जनुकक्रमांच्या संगणकीय नोंदींपासून होणाऱ्या लाभाचा वाटा मूळ राखणदारांना मिळावा, हा प्रश्नही आंतरराष्ट्रीय पातळीवर पुढे आला आहे. त्यासाठी यंत्रणा उभारण्याचा निर्णय २०२२ मध्ये मॉन्ट्रियल येथील परिषदेत झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘काली निधी’ स्थापन झाला. वाणाचा मूळ ठावठिकाणा कोठेही लिहिलेला नसेल, तर असा वाटा कोणास द्यावयाचा हे ठरविता येणार नाही.

नोंदवहीत वाणाचे केवळ नाव लिहून भागत नाही. ते किती दिवसांत तयार होते, कोणत्या खाचरात घेतात, पावसाची ओढ किंवा साचलेले पाणी सोसते काय, पेंढ्याचा उपयोग, चव व सुवास, बी कोणाकडे आहे आणि मागील किती वर्षे ते राखले आहे, या बाबी त्या शेतकऱ्याच्या संमतीने लिहाव्यात. ऐकीव माहिती व प्रत्यक्ष पाहिलेली माहिती यांवर निरनिराळी खूण करावी. माहितीकोशाचे तज्ज्ञ हेच करतात. राब भाजणीनंतर पेरणीच्या वेळी, भात लोंबीवर आल्यावर आणि कापणीच्या वेळी, अशी तीनदा पाहणी केल्यास नोंद विश्वसनीय होते. शाळेतील वरच्या वर्गांचे विद्यार्थी शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली या कामात सहभागी होऊ शकतात. वाणाच्या ओळखीबाबत शंका असल्यास मुरबाडलगतच्या कर्जत येथील कोकण कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्राचा सल्ला घेता येईल.

ज्या वाणाचे बी आज एकदोन घरांतच उरले आहे, त्याची नोंद सर्वांत आधी करावी आणि मूठभर बी दुसऱ्या घरीही पेरण्यास द्यावे. नोंद पुढल्या वर्षीही पुरी करता येते. बियाण्याचा एक हंगाम चुकला तर ते पुन्हा मिळेलच असे नाही.