लिहिणं अडलंय? आधी बूट घाल!

पोरी, आक्का फोनवर सांगत होती, तू पुण्यात दार लावून बसली आहेस आणि कोऱ्या कागदाशी भांडते आहेस. नामपूरला ये चार दिवस. येण्याआधी हे वाचून ठेव, आणि येणं नाहीच जमलं तर तिथल्या टेकडीवर कर. मामाची बडबड आहे, पण फुकट आहे.

१. कागदाशी कुस्ती थांबव आणि उठ — दमलेलं लक्ष रेटलं की आणखी दमतं. रेचल आणि स्टीफन कॅपलान या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नवरा-बायकोने १९८९ च्या पुस्तकात हेच मांडलं: वाहतं पाणी, हलणारी पानं बघायला जोर लावावा लागत नाही, आणि तेवढ्यात लक्षाला विसावा मिळतो.

२. बूट घाल, नाजूक चप्पल नको — बाभळीचा काटा कवितेत शोभतो, टाचेत नाही.

३. सकाळी उन्हाच्या आत निघ. संध्याकाळी गेलीस तर बॅटरी घे आणि एकटी मक्यात-उसात शिरू नकोस — आमच्या बागलाणात बिबट्याही त्याच वेळी फिरायला निघतो, आणि त्याचं काही अडलेलं नसतं.

४. मोबाईल घरी ठेव — फोटो काढला की डोळे सुट्टीवर जातात. पण कुठे चाललीस ते मामीला सांगून जा.

५. वाट एकच धर, पाटाच्या कडेने मोसम नदीपर्यंत, रोज तीच. नव्या वाटेवर सगळंच नवं, म्हणून काहीच नीट दिसत नाही. जुन्या वाटेवर मात्र कालपेक्षा काय बदललं ते पहिल्यांदा डोळ्यांत भरतं — हरणबारी धरणाचं आवर्तन, म्हणजे पाटाचं पाळीचं पाणी, सुटलंय की नाही, हे तुला पाटकऱ्याला विचारावं लागणार नाही. नाहीतर व्हायचं असं: वही कोरडी आणि मोसमला दोष!

६. लिलावाच्या वेळी बाजार समितीचा रस्ता टाळ — कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत एकच विचार सुचतो, भावाचा.

७. सुचवायचं काम चालताना कर, काटछाट बसून कर. स्टॅनफर्डच्या मारिली ओपेझो आणि डॅनिअल श्वार्ट्झ यांनी २०१४ साली लोकांना बसवून आणि चालवून पाहिलं. चालणाऱ्यांना कल्पना जास्त सुचल्या, अगदी कोऱ्या भिंतीकडे तोंड करून यंत्रावर चालणाऱ्यांनाही — म्हणजे अर्धं श्रेय रानाचं नसून पायांचं आहे, हे रानवेड्या मामालाही कबूल करावं लागतं. पण एकच नेमकं उत्तर शोधायचं असेल तिथे चालणाऱ्यांची गाडी जरा मागे पडली. बसल्या जागी शब्द रुततो, चालत्या पायी सुटतो.

८. एक झाड धर आणि ते सोडू नकोस, खिडकीतलं असलं तरी चालेल. दुर्गाबाई भागवतांनी १९५६ सालच्या ‘ऋतुचक्र’मध्ये बारा महिने उभे केले आणि त्या राहत होत्या मुंबईत — तेव्हा रान लांब आहे ही सबब माझ्यापुढे नको.

९. पावसाळ्यात आलीस तर विहिरीवर झुकलेल्या बाभळीपाशी बस. सुगरणीचा नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन तपासते. पसंत पडलं तर पुढचं विणकाम, नाहीतर तो ते तसंच लोंबतं ठेवून दुसरं धरतो. यातून लगेच बोध काढून वहीत उतरवू नकोस — बोधाची घाई झाली की पाखरू बघायचं राहून जातं.

१०. अनोळखी पाखरू दिसलं तर गुराख्याला विचार — नावाबरोबर तो त्याच्या खोड्याही सांगतो. मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत रानातल्या माणसांना असंच विचारत विचारत ‘पक्षिकोश’ उभा केला.

११. नुसती बघत फिरू नकोस, हाताला काम माग. दिवाळीनंतर आलीस तर कांदा लागणीच्या रांगेत बायांबरोबर वाफ्यात उतर, एखाद तास पुरे — हात गुंतले की डोकं मोकळं होतं. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात राबताना त्या रचत गेल्या, ते टिपून ठेवलं म्हणून उरलं, आणि त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तक निघालं. तुझ्या रोपांच्या ओळी वाकड्या जातील, बाया हसतील, हसू दे. बांधावरून पीक दिसतं, वाफ्यातून कीड दिसते.

१२. आता डाळिंबाच्या बागेत ये, हे जरा सावकाश ऐक. फळ उतरलं, झाडाला विसावा मिळाला, की बागेचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. पानं पिवळी पडून गळतात, बाग गेली असं वाटतं. मग हलकी छाटणी, खत, पहिलं पाणी, आणि त्यावर कळी निघते. पाणी कायम चालू ठेवलं तर झाड नुसतं पाल्यावर जातं. तुझं हे न सुचणंही ताण समज. पण ताणाला माप असतं — हलक्या मुरमाड जमिनीला तो लवकर पुरतो, भारी काळ्या जमिनीला जास्त दिवस लागतात, आणि मापाबाहेर गेला तर फांद्या वाळतात. तू कुठली जमीन ते तुझं तू ओळख. शेजारणीचा बहार बघून पाणी सोडू नकोस.

१३. दुसऱ्याच्या बागेत विचारल्याशिवाय पाय टाकू नकोस, आणि झाडावरचं फळ तोंडाला लावू नकोस — कालच फवारणी झालेली असते.

१४. परत आल्यावर चहाच्या आधी एक ओळ लिही: तारीख, काय दिसलं, बस्स. ‘जणू’, ‘जसं काही’ हे शब्द आठवडाभर बंद — सजवायला बसलीस की दिसलेलं विसरतेस.

१५. पाण्यावर बघून आलीस म्हणून पाण्यावरच लिहायला हवं असं नाही. ऑफिसच्या लिफ्टवर सुचलं तर लिफ्टवर लिही — मोसम काही मानधन मागत नाही.

१६. नोकरी सोडून कायमची इकडे येऊ का, असं चौथ्या दिवशी विचारशील, सगळे विचारतात. ना. धों. महानोरांनी पळसखेडला शेती करत लिहिलं, १९६७ मध्ये ‘रानातल्या कविता’ दिल्या, पण ते आधी शेतकरी होते. इथे तेल्या रोगाने कितीतरी डाळिंबाच्या बागा मोडल्या, कांदा चाळीत सडत असताना भाव पडतो — त्या रात्री चांदणं कुणी बघत नाही. पाहुणी म्हणून ये, त्यातच तुझं आणि रानाचं भलं आहे.

१७. आणि हे सगळं करूनही झोप, भूक, हसणं हेच हरवलेलं राहिलं, तर त्याला न सुचणं म्हणू नकोस, डॉक्टरांना दाखव — त्यावर नदी पुरत नाही. सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मामाला लाजलीस तरी त्यांना लाजू नकोस.

सटाण्याहून नामपूरला गाड्या आहेत. निघालीस की कळव, फाट्यावर येतो.