लॅपवायचे दगड आणि फाडलेले शुभवर्तमान

अमेरिकेच्या वायव्य भागात, आयडाहो राज्यात, क्लिअरवॉटर नदीच्या काठी स्पाल्डिंग नावाचे एक लहानसे खेडे आहे. हेन्री व एलायझा स्पाल्डिंग हे मिशनरी दांपत्य १८३६ च्या नोव्हेंबरात तेथील लॅपवाय ओढ्याजवळ वस्तीस आले. त्यांना पाठविणारे अमेरिकन बोर्ड तेच, ज्याचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईस उतरले. तेव्हा हे घराणे आपल्या ओळखीचेच आहे.

स्पाल्डिंगांना त्या खोऱ्याचे ‘आद्य रहिवासी’ म्हणण्याची प्रथा आहे. ती मला खटकते. निमीपू लोक, ज्यांना फ्रेंच व्यापाऱ्यांनी ‘नेझ पर्स’ हे नाव दिले, तेथे हजारो वर्षांपासून राहत होते.

स्पाल्डिंगांनी ओंडक्यांचे घर, शाळा, पिठाची गिरणी व लाकूड कापण्याची गिरणी उभारली. त्या इमारतींपैकी आज पायाच्या खुणांपलीकडे फारसे काही उरलेले नाही. मात्र १८३९ साली हवाई बेटांवरील मिशनकडून आलेला त्यांचा छापखाना ओरेगॉनच्या इतिहास संस्थेने जतन केला आहे. त्यावर प्रथम निमीपू भाषेतील आठ पानांची वाचनपुस्तिका छापली गेली. परंतु तिच्यासाठी स्पाल्डिंगांनी योजलेली वर्णमाला सहकाऱ्यांना मान्य झाली नाही व नवी करावी लागली. भाषांतराचे काम करणाऱ्याला या प्रसंगाचे नवल वाटणार नाही! पुढे १८४५ साली याच छापखान्यातून मत्तयकृत शुभवर्तमान निमीपू भाषेत बाहेर पडले.

१८३९ च्या नोव्हेंबरात टिमथी व जोसेफ या दोन निमीपू पुढाऱ्यांचा मंडळीत स्वीकार झाला होता. तेच या मिशनचे पहिले फळ. पुढे १८४७ साली गोवराच्या साथीनंतर शेजारच्या वायलॅटपू मिशनमध्ये व्हिटमन दांपत्यासह तेरा जणांची हत्या झाली. निमीपूंनी स्पाल्डिंग कुटुंबाचे रक्षण केले. तरीही लॅपवाय सोडावे लागले.

१८६० साली त्या डोंगरांत सोने सापडले. १८५५ च्या कराराने निमीपूंना राखून दिलेल्या भूमीपैकी सुमारे नऊ दशांश भाग १८६३ च्या नव्या कराराने काढून घेतला. टिमथीने त्यावर सही केली. जोसेफने केली नाही, कारण त्याचे वॅलोवा खोरेच त्यात जात होते. संतापून त्याने आपल्याजवळचे शुभवर्तमान फाडून टाकले, असे सांगतात.

मी या गोष्टीपाशी नेहमी थबकतो. एकाच वेळी मंडळीत आलेले दोघे. एकाने सही केली, दुसऱ्याने पुस्तक फाडले. शब्द तर दोघांच्याही मातृभाषेतलाच होता. त्यात भाषांतराची काही चूक होती, असे मला वाटत नाही. परंतु ज्या लोकांच्या हातून ते पुस्तक आले, त्यांच्याच लोकांच्या हातून करारही आला. आणि वाचकाने दोन्ही एकत्र वाचले. त्याला दोष देण्यास माझी जीभ रेटत नाही. जोसेफ १८७१ साली वारला. १८७७ च्या युद्धानंतर त्याच्या मुलाला, त्याचेही नाव जोसेफच, लोकांसह परागंदा व्हावे लागले.

हेन्री स्पाल्डिंग पुन्हा निमीपूंमध्ये परतले व १८७४ साली तेथेच निवर्तले. त्यांचे व एलायझाबाईंचे थडगे नदीकाठी आहे. स्पाल्डिंग येथे आणि वरच्या बाजूस कामाया येथे निमीपू ख्रिस्ती मंडळींची साधी लाकडी प्रार्थनामंदिरे उभी आहेत. त्यांची गीते निमीपू भाषेतही आहेत.