सैल गुडघा

सांगलीच्या स्मृती मानधना हिचा गुडघ्यातील अस्थिबंध जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात दुखावला. २४ जून रोजी डर्बीत तिने इंग्लंडविरुद्ध ९० धावा काढल्या. येथे रायपुरातील तरुणांनी मात्र हे पाच महिने प्रमाण मानू नयेत. शस्त्रक्रियेत बहुधा मांडीमागील कंडरा घेऊन अस्थिबंधाच्या जागी तिचे कलम करितात. पहिल्या काही आठवड्यांत ते कलम उलट दुर्बळच होते, आणि वेदना तर तेव्हाच ओसरू लागते! इब्री लोकांस पत्राच्या १२ व्या अध्यायात गुडघ्यांसाठी योजिलेला ग्रीक शब्द 'सैल सुटलेले' असा आहे. भाषांतरकार म्हणून मला तो फार नेमका वाटतो. फुटबॉल, कबड्डी यांसारख्या खेळांकडे नऊ महिन्यांपूर्वी परतू नये. तेव्हाही एका पायावर उडी मारून पाहावी. दुखऱ्या पायाची उडी धडधाकट पायाच्या निदान ९० टक्के भरावी.