कार्ड निवडताना, निकाल ऐकताना

महाळुंग्यातली बरीच घरं हिंजवडीच्या नोकऱ्यांवर चालतात. मुलं नववी-दहावीत गेली की गेमिंग पीसीची मागणी येते, आणि सोसायटीत सुटे भाग निवडून संगणक जोडून देणारा माणूस म्हणून मला बोलावणं येतं. मी स्क्रू आवळत असतो तेव्हा बाहेरच्या खोलीत टीव्हीवर यूट्यूबचा कुणी राजकीय विश्लेषक हमखास तावातावाने बोलत असतो. मुलगा ग्राफिक्स कार्डाचा रिव्ह्यू ज्या विश्वासाने ऐकतो, त्याच विश्वासाने घरातले मोठे त्या विश्लेषकाला ऐकतात. दोन्हीकडे ठरवण्याचं काम आपण परक्याच्या हाती देऊन बसलोय, याची मला काळजी वाटते. म्हणून हे चार शब्द.

१. आधी मॉनिटर, मग कार्ड.
१९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, फोर-के पडद्यावर सुमारे ८२.९ लाख. म्हणजे कार्डावर चौपट बोजा. रिव्ह्यूतलं महागडं कार्ड फोर-केवर मिरवतं आणि मुलाच्या टेबलावर असतो बाबांचा ऑफिसातून आलेला ६० हर्ट्झचा मॉनिटर. ‘व्हॅलोरंट’ खेळायचं असेल तर मधल्या दराचं कार्ड, चांगला प्रोसेसर आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर घ्यावा. ‘सायबरपंक २०७७’ खेळायचं असेल तर पैसा कार्डावर घालावा. कोणता गेम, कोणत्या पडद्यावर, हे कळल्याशिवाय मी कार्डाचं नावही काढत नाही.

२. आकडा मोठा म्हणून माल मोठा नसतो.
जीटीएक्स १०६० हे एकाच नावाने ३ जीबी आणि ६ जीबी अशा दोन रूपांत विकलं गेलं. बहुतेकांना वाटलं, फरक फक्त मेमरीचा. प्रत्यक्षात एकात ११५२ कोअर, दुसऱ्यात १२८०. पुढे २०२१ मध्ये आरटीएक्स ३०६० आलं १२ जीबी घेऊन, आणि २०२३ मध्ये त्याची जागा घेणारं ४०६० आलं ८ जीबीवर. नवं कार्ड वेगवान आहे, वीजही कमी खातं, १७० वॉटच्या जागी ११५. पण ज्याला मेमरी लागते त्याला जुनंच बरं पडू शकतं. खोक्यावरचं नाव सोडून मागचा तक्ता वाचायची सवय मुलांना लावावी.

३. भाकिताला तारीख घालून वहीत उतरवावं.
माझ्याकडे एक वही आहे. एका बाजूला भागांचे दर, दुसऱ्या बाजूला विश्लेषकांची भाकितं, तारखेसकट. ४ जून २०२४ ला लोकसभेच्या निकालात महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी महाविकास आघाडीला ३० मिळाल्या, महायुतीला १७, आणि सांगलीत अपक्ष. देशात एनडीएला साडेतीनशेपार सांगणारे एक्झिट पोल चुकले, आकडा २९३ वर येऊन थांबला. त्यानंतर विधानसभा महाविकास आघाडीचीच, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांची रीघ लागली. २३ नोव्हेंबरला भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१, म्हणजे २८८ पैकी २३० जागा या तिघांच्या. चुकणं गैर नाही, मतदार कुणाच्या खिशात नसतो. पण दुसऱ्या दिवशी त्याच आवाजात, जणू आदल्या दिवशी काही बोललोच नव्हतो अशा थाटात नवं भाकीत करणं गैर आहे. आपला अंदाज कुठे हुकला हे ज्यांनी बसून सांगितलं, असे थोडे आहेत. माझ्या वहीत त्यांच्या नावापुढे खूण आहे आणि मी त्यांनाच ऐकतो, मग ते माझ्या मताचे असोत वा नसोत.

४. एसएमपीएसवर काटकसर नको.
‘काका, ४०९० बसेल का?’ असं विचारणाऱ्या पोराला मी सांगतो, ते कार्ड एकटं ४५० वॉट ओढतं, आणि मे महिन्यात बंद खोलीत ती सगळी उष्णता तुझ्याच अंगावर येते. संगणकाला वीज पुरवणाऱ्या स्वस्त एसएमपीएसवर छापलेल्या वॉटवर भरवसा ठेवू नये. शक्य तर यूपीएसही घ्यावा.

५. निकालपत्र स्वतः उघडावं.
११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने शिवसेनेतल्या फुटीनंतरच्या सत्तासंघर्षाचा निकाल दिला. त्या संध्याकाळी एकाच निकालावर दोन्ही बाजूंचे विजयाचे व्हिडिओ फिरले आणि आमच्याच सोसायटीत बाप-लेक जेवणाच्या ताटावर भांडले. निकालात होतं काय? राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं योग्य नव्हतं, शिंदे गटाच्या प्रतोदाला दिलेली मान्यता बेकायदा होती. पण उद्धव ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्याने त्यांचं सरकार परत आणता येणार नाही, आणि अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांनी घ्यावा. ज्याने त्याने आपल्या सोयीचा अर्धा भाग उचलला. निकालपत्र लांबलचक आहे, मान्य. शेवटचे निष्कर्ष तेवढे वाचले तरी पुरतं.

६. आपला मतदारसंघ ओळखावा.
‘पुण्याने असा कौल दिला’ असं म्हणणाऱ्याच्या पुण्यात महाळुंगे नसतं. आम्ही भोर विधानसभेत आणि बारामती लोकसभेत. शेजारचं बालेवाडी कोथरूड विधानसभेत आणि पुणे लोकसभेत. २०२४ मध्ये लोकसभेसाठी आम्ही ७ मे रोजी मतदान केलं, त्यांनी १३ मे रोजी. बारामतीवर तासन् तास बोलणाऱ्यांनी पवार कुटुंबातली एकेक कडी उलगडली. ३० जून २०२१ ला पुणे महापालिकेत आलेल्या, आमचंही त्यात असलेल्या तेवीस गावांचं पाणी, रस्ते, मिळकतकर यांवर मात्र ऐकायला फारसं मिळालं नाही. इथल्या माणसाचं रोजचं जगणं त्यावर अवलंबून आहे. तो प्रश्न आपणच विचारायचा.

७. घाई लावणाऱ्यापासून जपावं.
‘आत्ताच घ्या’ आणि ‘काही तासांत सरकार पडणार’, दोन्हींत आपल्याला विचार करायला वेळ मिळू नये एवढीच खटपट असते. २०२१ मध्ये इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगपायी कार्डं छापील किमतीच्या कितीतरी वर विकली जात होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमला मायनिंगची गरजच उरली नाही आणि वापरलेल्या कार्डांचा बाजारात पूर आला. असं जुनं कार्ड घेताना समोर जड गेम अर्धा तास चालवून, तापमान आणि पंख्याचा आवाज पाहूनच पैसे मोजावेत. अर्थात, थांबणं दरवेळी फायद्याचं नसतं. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चढले आणि थांबलेल्यांना जास्त मोजावे लागले. ज्याचं काम खरंच अडलंय त्याने बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एक चक्कर मारावी, दोन-तीन दुकानांत दर विचारावा, पक्कं बिल घ्यावं आणि वस्तू घरी आणावी.