बॅलेचं पूर्णवेळ शिक्षण : फी विचारण्याआधी काय विचाराल?

सोलापुरात नाचणाऱ्या मुलांची वाण नाही. भरतनाट्यम् आणि कथकचे वर्ग आहेत, गॅदरिंगला आणि गणपतीत ‘वेस्टर्न’ बसवून देणारे दादा-ताई आहेत, आणि हुतात्मा स्मृती मंदिरात वार्षिक कार्यक्रम असला की पालकांची गर्दीही असते. बॅले मात्र इथल्या मुलांना भेटतो तो मोबाइलवर. अकरा-बारा वर्षांची मुलगी व्हिडिओ बघून पायाच्या बोटांवर उभी राहायला लागते आणि एक दिवस जाहीर करते, मला हेच करायचंय, पूर्णवेळ. मग आई-वडील एखाद्या संस्थेला फोन लावतात आणि पहिला प्रश्न विचारतात तो फीचा. माझ्या मते तो प्रश्न सगळ्यात शेवटी यावा. या शिक्षणाच्या एकूण खर्चात फी चौथ्या हिश्श्याच्या आसपास भरते, आणि संस्था चुकीची निघाली तर पैशांपेक्षा वर्षं जातात, जी या कलेत परत मिळत नाहीत.

आधी एक ताबडतोबीची सूचना. बोटांवर उभं राहायचे कडक टोकाचे पॉइंट शूज ऑनलाइन मागवून मुलीला घरी घालू देऊ नका. दोन-तीन वर्षं नियमित शिकून घोटा, पोटरी आणि कंबर पुरेशी बळकट झाल्यावर, साधारण अकरा-बारा वर्षांनंतर, शिक्षक पाय तपासून ते घालायची परवानगी देतात. तोवर मऊ चपट्या शूजवर काम चालतं.

वयाचं गणित

लंडनच्या रॉयल बॅले स्कूलचं धाकटं निवासी विद्यालय व्हाइट लॉजमध्ये आहे. तिथे मुलं अकराव्या वर्षी येतात आणि सोळाव्या वर्षी वरच्या शाखेसाठी पुन्हा पारखली जातात. सेंट पीटर्सबर्गच्या वागानोवा अकादमीत दहाव्या वर्षाच्या सुमारास सुरुवात होते आणि शिक्षण आठ वर्षांचं असतं. स्वित्झर्लंडमधली प्री द लोझान ही तरुण नर्तकांची नावाजलेली स्पर्धा १५ ते १८ वयाच्या मुलांसाठी असते. म्हणजे जग निवड करायला बसतं तेव्हा समोरच्या मुलीच्या पाठीशी चार-पाच वर्षांचं रोजचं शिक्षण असतं. आपल्याकडची मुलगी चौदाव्या वर्षी पहिल्यांदा बारला, म्हणजे सरावाच्या आधाराच्या दांडीला, हात लावणार असेल, तर ‘प्रोफेशनल’ हा शब्द जाहिरातीत वाचताना हे लक्षात ठेवावं.

‘मग ते नवी मुंबईचे दोघे कसे गेले?’ असं लगेच विचारलं जातं. वेल्डरचा मुलगा अमीरुद्दीन शाह आणि टॅक्सीचालकाचा मुलगा मनीष चौहान, हे दोघेही मुंबईत इस्रायली-अमेरिकी शिक्षक येहुदा माओर यांच्या हाताखाली तयार झाले. अमीरुद्दीन २०१७ मध्ये रॉयल बॅले स्कूलमध्ये पोचला. त्यांच्यावरून सूनी तारापोरवाला यांनी २०२० मध्ये ‘ये बॅले’ हा चित्रपट काढला आणि त्यानंतर कितीतरी घरांत हा विषय निघाला. दोघांनी उशिरा सुरुवात केली हे खरं. पण दोघे मुलगे होते. बॅलेच्या दुनियेत मुलगे कायम कमी पडतात, म्हणून त्यांना उशीर माफ होतो, सवलतही मिळते. मुलींची रांग लांब असते आणि त्यांना पॉइंटचं कामही वेगळं करावं लागतं. त्यातून एका अनुभवी शिक्षकाने रोजचे कितीतरी तास या दोघांवर खर्च केले. तसा शिक्षक कुठल्याही फीच्या पॅकेजमध्ये येत नाही. दिल्लीतल्या ई-रिक्षाचालकाचा मुलगा कमल सिंग २०२० मध्ये इंग्लिश नॅशनल बॅले स्कूलच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला निवडला गेला, तेव्हा निवड होऊनही खर्चासाठी लोकवर्गणी काढावी लागली. ही कथा मुलांना जरूर सांगा. स्वतःला सांगताना तिच्यातला वर्गणीचा भाग गाळू नका.

‘पूर्णवेळ’ म्हणजे किती तास?

संस्थेकडून छापील वेळापत्रक मागा. खरं पूर्णवेळ शिक्षण आठवड्याचे पाच-सहा दिवस चालतं. रोज सकाळी दीड तास तंत्राचा वर्ग, तो चुकत नाही. त्यानंतर पॉइंट, जोडीचं काम, जुन्या नृत्यरचनांचा अभ्यास, शरीर बळकट करणारे व्यायाम, थोडं शरीरशास्त्र, थोडं संगीत. आठवड्याला पंचवीस तासांच्या आसपास बेरीज व्हायला हवी. आपल्याकडच्या अनेक ‘डिप्लोमां’त ही बेरीज बारा-पंधरा तासांवर थांबते आणि त्यातही जॅझ, हिप-हॉप, बॉलीवूड मिसळलेलं असतं. ज्याला नृत्यदिग्दर्शनात किंवा चित्रपटात जायचंय त्याला ते उपयोगीच आहे. पण त्याला बॅलेचं पूर्वव्यावसायिक शिक्षण म्हणत नाहीत, आणि त्या भावाने विकूही नये.

परीक्षांच्या बाबतीतही असाच घोळ होतो. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या (आरएडी) परीक्षा भारतातही होतात. पण तिच्या परीक्षांचे दोन मार्ग आहेत. एक ग्रेडचा, हौसेने शिकणाऱ्या कुणालाही खुला. दुसरा व्यावसायिक वळणाचा, इंटरमिजिएट फाउंडेशनपासून वर ॲडव्हान्स्डपर्यंत. ‘आमची मुलं आरएडी पास आहेत’ असं कुणी म्हटलं, तर कुठल्या मार्गाने आणि कुठपर्यंत, हे विचारा. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रवेशिका आणि अलंकार यांतलं अंतर ज्या पालकांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

फरशी, शिक्षक आणि जुने विद्यार्थी

संस्थेत गेल्यावर आधी खाली बघा. बॅलेत उड्या असतात, दिवसाला शेकड्यांनी. शहाबादी फरशीवर किंवा सिमेंटच्या कोब्यावर त्या मारल्या तर नडगी आणि गुडघे काही महिन्यांत कुरकुरायला लागतात. जमीन लाकडी हवी, खाली पोकळी किंवा स्पंज हवा आणि वर न घसरणारा व्हिनाइलचा थर. पुष्कळ ठिकाणी टाइल्सवर नुसतं व्हिनाइल पसरलेलं असतं आणि फोटोत ते छान दिसतं. स्वतः चार उड्या मारून बघा. जमीन किंचित दबली पाहिजे. कुणी हसलं तर हसू द्या.

मग शिक्षक. माहितीपत्रकावर ज्यांचं नाव आहे ते आठवड्यातून किती वर्ग स्वतः घेतात? परदेशी पाहुणे शिक्षक वर्षातून दोन आठवडे येतात आणि उरलेले पन्नास आठवडे कालपर्यंत शिकणारी मुलं शिकवतात, असं असेल तर फी त्या हिशेबाने असावी. एका वर्गात वीसहून जास्त मुलं नकोत.

सगळ्यात उपयोगी प्रश्न मात्र हा : गेल्या पाच वर्षांत पूर्णवेळ अभ्यासक्रम पूर्ण केलेली मुलं आज कुठे आहेत? कुणी कंपनीत आहे का, कुणी परदेशी शाळेत गेलं का, किती जण इथेच शिकवतायत, किती जणांनी मध्येच सोडलं? तारांकित दोघांचे फोटो भिंतीवर असतातच, ते पाहून झाले की बाकीच्यांची विचारपूस करा. त्यांतल्या एक-दोघांच्या पालकांशी बोलायला मिळालं तर संस्थेच्या तासाभराच्या गोड बोलण्यापेक्षा जास्त कळेल. आणि दरवर्षी मूल्यमापन होऊन कुणाला ‘हा मार्ग तुझा नाही’ असं सांगितलं जातं का, तेही विचारा. जिथे कधीच कुणाला नाही म्हणत नाहीत, तिथे दर महिन्याच्या पावतीला महत्त्व आहे असं समजायला हरकत नाही.

घरचा हिशेब

आता पैसे. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत. तुमच्या वेळचे भाव ताडून घ्या. चौदा वर्षांची मुलगी मुंबईत शिकायला ठेवायची असं धरू. बॅलेच्या संस्थांना सहसा स्वतःचं वसतिगृह नसतं आणि अठरा वर्षांखालच्या मुलीला पेइंग गेस्ट म्हणून एकटी ठेवणं बरं नव्हे. म्हणून आई किंवा आजी सोबत जाते. नवी मुंबईत किंवा ठाण्यात एका खोलीचं भाडं १५ ते १८ हजार. दोघींचं खाणं, वीज, गॅस १२ ते १४ हजार. फी १५ ते २० हजार. लोकलचा पास आणि रिक्षा ३ हजार. शाळेच्या अभ्यासाची शिकवणी ३-४ हजार. फिजिओथेरपी आणि किरकोळ ३ हजार. राहिले शूज : पॉइंट शूजची आयात केलेली जोडी ६ ते ९ हजारांना पडते आणि पूर्णवेळ शिकणारी मुलगी महिन्याला एक सहज संपवते, कपडे धरून महिन्याला ७ ते ९ हजार. बेरीज ५८ ते ७१ हजार, म्हणजे वर्षाला सात ते साडेआठ लाख. घराचं डिपॉझिट, दलाली आणि सुट्टीतल्या कार्यशाळा वेगळ्या. आईने नोकरी सोडली असेल तर तो पगार यात कुठेच दिसत नाही, पण घरात दिसतो.

संस्थेचा करार वाचताना काही जागी पेन्सिल थांबवा. फी जीएसटीसह आहे की १८ टक्के वरून? वार्षिक कार्यक्रमाचा पोशाख त्यांच्याकडूनच घ्यावा लागतो का, आणि तिकिटं खपवायची जबाबदारी पालकांवर आहे का? दुखापतीमुळे तीन महिने घरी बसावं लागलं तर फीचं काय? वर्षाची फी एकरकमी भरल्यास सवलत, हे आमिष पहिल्या वर्षी तरी नाकारा.

परदेशाचं स्वप्न असेल तर एकच हिशेब देतो. लंडनच्या विद्यार्थी व्हिसासाठी, फी सोडून, राहण्याखाण्याचे महिन्याला सुमारे दीड हजार पौंड, नऊ महिन्यांचे, सलग २८ दिवस खात्यात दाखवावे लागतात. रुपयांत ते पंधरा-सोळा लाखांच्या घरात जातात. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तोही आगाऊ. शिष्यवृत्ती मिळाली असं कुणी सांगितलं तर ती फीची की राहण्याचीही, हे आधी विचारा.

शाळा, पोट आणि सुरक्षितता

शाळा सोडू नका, रीत बदला. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावी खासगी विद्यार्थी म्हणून देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा मार्गही आहे. दुखापत कधीही होते आणि बारावीचं प्रमाणपत्र हातात नसलेली एकोणीस वर्षांची मुलगी फार अडचणीत येते.

वजनावरून वर्गात टोमणे मारणारी जागा सोडून द्या, शिक्षक कितीही मोठा असो. मुलगी जेवण टाळायला लागली, पाळी लांबली किंवा थांबली, हाडाला बारीक तडे गेले, तर शरीराला लागतं तेवढं अन्न मिळत नाहीये. त्याला डॉक्टर लागतो. सोलापूरहून जाणाऱ्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी जरूर जाऊ द्या.

बॅलेत शिक्षक हात लावून अंग दुरुस्त करतात. ते कसं, कुठे आणि विचारून करतात का, याचा संस्थेत लेखी नियम असावा. तक्रार समिती असावी आणि तिच्यात बाहेरची व्यक्ती असावी. संस्थेच्या मोठ्या नावावर विसंबू नये. चेन्नईचं कलाक्षेत्र संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची ठरलेली संस्था, पण २०२३ मध्ये तिथल्या विद्यार्थिनींना लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी आंदोलन करावं लागलं आणि एका अध्यापकाला अटक झाली.

तेवढ्याच पैशांत दुसरं काय?

हा प्रश्न मुलीला आवडणार नाही, तरी घरात व्हायला हवा. भारतात बॅले नर्तकाला पगारावर ठेवणारी सरकारी कंपनी नाही. भारतीय नृत्यात मात्र पूर्णवेळ शिक्षणाच्या जुन्या जागा आहेत आणि त्या बऱ्याच स्वस्त आहेत. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे, तिथे कथक आणि भरतनाट्यम् घेऊन बी.ए., एम.ए. करता येतं; हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याइतकं ते जवळ आहे, त्यामुळे प्रवेशाआधी बघून येणं सोपं. पुण्यात राहून, खाऊन, शिकून वर्षाचा खर्च दोन-अडीच लाखांत बसावा. मुंबईत कनक रेळे यांनी उभारलेलं नालंदा नृत्यकला महाविद्यालय आहे. लहान वयापासून शाळेसह कला शिकवणारी, व्हाइट लॉजच्या जवळ जाणारी जागा म्हणजे केरळ कलामंडलम्. १९३० साली सुरू झालेल्या या संस्थेत आठवीपासून मुलं घेतात.

इथे सरकारी मदतही आहे. केंद्राच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची शिष्यवृत्ती १० ते १४ वयाच्या मुलांना वर्षाला ३,६०० रुपये देते आणि गुरूची फी वर्षाला ९,००० रुपयांपर्यंत भरून देते. १८ ते २५ वयाच्या तरुण कलावंतांना संस्कृती मंत्रालयाकडून दोन वर्षं महिन्याला ५,००० रुपये मिळतात. दोन्ही योजना भारतीय परंपरेतल्या कलांसाठी आहेत. बॅलेसाठी त्यांच्यावर भिस्त ठेवू नका.

माझं मत विचाराल तर दहा वर्षांखालच्या मुलीला कुठेही हलवू नका. सोलापुरातच चांगल्या गुरूकडे भरतनाट्यम् किंवा कथक आणि जोडीला जिम्नॅस्टिक्स, एवढं पुरे. दहा ते तेरा वयात ओढ टिकून असेल तर एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईत महिनाभराची कार्यशाळा करा, आणि मुलीला आवडलं का यापेक्षा, महिनाभर रोज तेच तेच करूनही तिला पुन्हा जायचंय का, ते बघा. पंधराव्या वर्षी शून्यातून सुरुवात करणाऱ्या मुलीला बॅले हौसेने शिकू द्यावा, घर हलवू नये. मुलगा असेल तर सतरापर्यंत प्रयत्न करून पाहायला हरकत नाही.

आणि पैसे भरण्याआधी दिवाळीच्या सुट्टीत सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुलीला घेऊन मुंबईला जा. संस्थेला सरळ सांगा की आठवडाभर तिला रोजच्या वर्गात बसवा, त्याचे पैसे देतो, आणि एक दिवस आम्हाला मागे खुर्चीवर बसून बघू द्या. यातलं काहीही नाकारणाऱ्या संस्थेत प्रवेश घेऊ नका.