जुन्या पेट्रोल जीपसाठी पी.सी.व्ही. व्हॉल्व्हची निवड

विलीज पद्धतीची जुनी पेट्रोल जीप आजही काही वाड्यांवर आणि बागांवर हौसेने जपलेली दिसते. महिंद्रने स्वातंत्र्यानंतर जोडणी करून विकलेल्या या गाड्यांना चार सिलिंडरचे, सुमारे २.२ लिटरचे इंजिन असे. त्याबद्दलची नेहमीची तक्रार ऑइल गळण्याची. सील बदलले, टॅपेट कव्हरचे गॅस्केट बदलले, तरी काही दिवसांत जमिनीवर पुन्हा डाग पडतो. अशा वेळी तिसऱ्यांदा सील आणण्यापूर्वी क्रँककेसमधील वायू बाहेर नेणारी छोटी झडप, म्हणजेच पी.सी.व्ही. व्हॉल्व्ह, तपासावी.

दाब कोठून येतो?

रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी पिस्टनच्या कडेने थोडा वायू ऑइल चेंबरमध्ये उतरतोच. त्यात न जळलेले पेट्रोल आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. त्यातील बहुतेक सायलेन्सरवाटे जाते, पण जे खाली उतरते ते थंड इंजिनात साचते आणि ऑइल फिलरच्या झाकणाला आतून ताकासारखा पांढरट थर धरतो. गाडी रोज घरापासून मळ्यापर्यंतच जात असेल तर हा थर लवकर दिसतो. वायूला वाट मिळाली नाही की दाब वाढतो आणि सर्वांत कमजोर सीलमधून ऑइल बाहेर पडते.

पूर्वी यासाठी नुसती उघडी नळी असे. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी जीपला मात्र झडप होती. मोटारींच्या धुराचा प्रश्न कॅलिफोर्नियात गाजल्यावर १९६१ पासून तेथील नव्या मोटारींवर ती आली.

झडपेचे काम

झडपेत एक दट्ट्या व स्प्रिंग असते. स्लो स्पीडला मॅनिफोल्डमधील ओढ जास्त असते, त्यामुळे दट्ट्या ओढला जाऊन वाट अरुंद होते. मध्यम वेगात तो मधोमध राहतो व सर्वांत जास्त वायू जातो. चढावर ओढ कमी आणि खाली उतरणारा वायू जास्त, म्हणून जादा वायू ताज्या हवेच्या नळीतून एअर क्लीनरकडे परततो. कार्ब्युरेटरमध्ये फटका बसला तर दट्ट्या उलट बसून ज्वाला चेंबरपर्यंत जाऊ देत नाही. म्हणूनच झडप काढून तेथे नुसती नळी जोडणे धोक्याचे आहे. बोल्ट मारून वाट बंद करण्याचा उपाय काही फिटर सुचवतात. त्याने गळती वाढतेच.

निवड कशी करावी?

आटा बसला म्हणजे झडप जुळली, असे नाही. ठिबकच्या एकाच छिद्रात ताशी ४ लिटरचा ड्रिपरही बसतो आणि ८ लिटरचाही. पाणी मात्र वेगळे पडते. येथेही तसेच आहे. त्याच इंजिनाची मूळ झडप मिळाल्यास तीच घ्यावी. उघडता येणारी जुनी झडप केवळ काजळीने अडकली असेल तर ती रॉकेलमध्ये धुऊन पुष्कळदा चालते.

मूळ झडप नसेल तर चार सिलिंडरच्या, सुमारे २ ते २.५ लिटरच्या कार्ब्युरेटरवाल्या पेट्रोल इंजिनाची निवडावी. मोठ्या सहा किंवा आठ सिलिंडरच्या इंजिनाची झडप लावली तर स्लो स्पीडला जादा हवा शिरते. इंजिन थरथरते, बंद पडते आणि ऑइलही ओढले जाऊन निळा धूर येतो. फार लहान झडप लावली तर दाब तसाच राहतो.

विकत घेण्यापूर्वी व्हॅक्यूम गेज लावून पाहावे. चांगल्या इंजिनात समुद्रसपाटीजवळ स्लो स्पीडला १७ ते २१ इंच ओढ मिळते. उंचीच्या दर हजार फुटांमागे सुमारे एक इंच कमी धरावे. म्हणजे पुण्याकडे पावणेदोन-दोन इंच कमी दिसले तर घाबरू नये. पण १२-१३ इंचच मिळत असतील तर दट्ट्या जागेवर ओढला जात नाही, तो आत थडथडतो आणि स्लो स्पीड वरखाली होतो. असे इंजिन आधी टायमिंग, टॅपेट व हवेची गळती यांसाठी पाहावे. रिंगा पार झिजल्या असतील तर कोणतीही झडप पुरी पडणार नाही. तेथे पैसे इंजिनकामासाठीच राखावेत.

ताजी हवा आत येण्याची वाट एअर क्लीनरमधूनच असावी. याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. झडप चेंबरमधून वायू ओढते, तेव्हा फिलरचे झाकण फिल्टरशिवाय उघडे असल्यास शेतरस्त्याची धूळ थेट ऑइलमध्ये जाते व बेअरिंग खाते. नळी ऑइल व पेट्रोल सोसणाऱ्या रबराचीच घ्यावी, ठिबकच्या लॅटरलचा तुकडा लावू नये.

बसवल्यानंतर

नवी झडप बसवल्यावर स्लो स्पीड व मिश्रणाचा स्क्रू पुन्हा जुळवावा. नंतर इंजिन गरम व स्लो स्पीडला असताना ऑइल फिलरचे झाकण काढून तोंडावर पातळ कागद धरावा. ताज्या हवेची नळी तेवढ्यापुरती बोटाने बंद करावी. कागद हलकेच आत ओढला गेला तर काम ठीक आहे. बाहेर फेकला गेला तर झडप अडकलेली, लहान, किंवा रिंगा गेलेल्या आहेत. हा वायू पेट घेणारा असल्याने जवळ बिडी, काडी नको, आणि पंख्यापासून बाही जपावी. झडप हलवून खडखड ऐकण्याची पद्धत आहे. त्यातून दट्ट्या मोकळा आहे एवढेच कळते, स्प्रिंगचे काही कळत नाही.

पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेल्या जीपला, तसेच ट्रॅक्टरला ही झडप लावू नये. जुन्या साध्या डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी मॅनिफोल्डची ओढ नसते. तेथे मूळ ब्रीदरची जाळी प्रत्येक ऑइल बदलीच्या वेळी डिझेलमध्ये धुऊन वाळवून बसवावी.