एका तितराचं बिल

तिरोड्याहून चोरखमाऱ्याला लोक येतात ते तलाव बघायला नाहीतर नागझिऱ्याच्या गेटमधून आत जायला. काहींच्या डोक्यात तिसरंच असतं. कमरेला परवान्याचं छोटं पिस्तूल आहे, बांधीच्या कडेच्या झुडपात तितर ओरडतंय, एखादं मिळालं तर रात्रीच्या जेवणाची सोय. गप्पांच्या ओघात प्रश्न येतोच, ‘किती खर्च येईल हो?’ उत्तर रुपयांत आणि वर्षांत देता येतं, तर तेच देऊ.

आधी हत्यार. ९ मिमी हा प्रतिबंधित बोअर, तो सामान्य नागरिकाला मिळत नाही. त्यामुळे स्वसंरक्षणाच्या परवान्यावर आपल्याकडे बहुतेकांजवळ .३२ बोअर असतं. सरकारी कारखान्यातलं असं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर लाखाच्या आसपास जातं. जीएसटी पूर्वी २८ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. परवान्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज, पोलीस चौकशी आणि शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवाना पाच वर्षांचा असतो आणि एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. चोरखमाऱ्यासारख्या गावाला आणखी एक पायरी आहे. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा, तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ मध्ये ही अट आहे, आणि अर्ज अडकून पडेपर्यंत ती फार कमी लोकांना माहीत असते.

एवढं करून हातात येतं ते या कामाला निरुपयोगी हत्यार. पूर्वीचे शिकारी तितर-बटेरासाठी छर्ऱ्याची बारा बोअर वापरत, कारण भुर्रकन उडालेल्या पाखरावर एकट्या गोळीचा नेम बसत नाही. पिस्तुलाची नळी जेमतेम बोटभर. हुकलेली गोळी पुढच्या बांधीत धान कापणाऱ्या माणसापर्यंत सहज पोचते. लागलीच, तर पाखराचं खाण्याजोगं फारसं काही उरत नाही.

आता मुख्य रक्कम. ‘आमच्या आजोबांकडे शिकारीचं लायसन होतं’ असं सांगणारे या भागात अजून भेटतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला लहान शिकारीचा वेगळा परवाना खरोखरच होता. १९९१ च्या दुरुस्तीने ती दारं बंद झाली. आज तितर मारण्याचा परवाना कोणत्याही कार्यालयात, कितीही पैसे मोजून मिळत नाही. ‘काढून देतो’ म्हणणारा भेटला, तर तो फसवतोय.

शिक्षेचा आकडा जागेवर ठरतो. जंगलाबाहेर साधा संरक्षित पक्षी मारला, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची ही मर्यादा २०२२ च्या दुरुस्तीआधी २५ हजार होती. मोरासारखा पहिल्या अनुसूचीतला पक्षी असेल, तर कैद किमान तीन वर्षं, कमाल सात, आणि दंड किमान २५ हजार. पण चोरखमाऱ्यात बसून हे दोन दर वाचण्यात अर्थ नाही. नागझिरा १९७० पासून अभयारण्य आहे आणि डिसेंबर २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत शिकार केली, तर पहिल्याच गुन्ह्याला किमान तीन ते कमाल सात वर्षं कैद आणि शिवाय ५० हजार ते दोन लाख दंड. दुसऱ्यांदा सापडला, तर किमान सात वर्षं आणि पाच लाखांपासून ५० लाखांपर्यंत. इथे पक्ष्याचा आकार विचारला जात नाही. कलमात वाघ आणि बटेर एकाच ओळीत येतात. ‘हे तर बफर आहे, कोअर नाही’ हा युक्तिवादही चालत नाही, कारण शिकारीच्या बाबतीत कायदा ‘व्याघ्र प्रकल्प’ म्हणतो आणि बफर त्यातच येतं.

काहींना वाटतं, वनविभागाकडे पैसे भरून प्रकरण तिथेच मिटवता येईल. तडजोडीची तरतूद कायद्यात आहे खरी, पण ज्या गुन्ह्याला किमान कैद सांगितली आहे, त्याला ती लागू नाही. म्हणजे एकदा पीओआर (प्राथमिक गुन्हा अहवाल) फाटला की कोर्ट आलं, वकील आला, तारखा आल्या. अभयारण्यातल्या शिकारीत, या कायद्याखाली आधी दोषी ठरलेल्याला जामीन मिळणंही अवघड. सरकारी वकिलाचं म्हणणं ऐकून, आरोपी दोषी नसावा असं कोर्टाला वाटलं, तरच तो मिळतो. खटला किती चालेल याचा अंदाज हवा असेल, तर सलमान खानचं काळवीट प्रकरण आठवा. घटना १९९८ ची, जोधपूरच्या कोर्टाने शिक्षा सुनावली एप्रिल २०१८ मध्ये. पाच वर्षं कैद आणि दंड फक्त १० हजार. बाकीचा खर्च वीस वर्षांच्या वकिलांचा.

पिस्तूल जप्त होतं, गाडीही. गाडी कोर्टातून तात्पुरती सोडवून आणता येते, पण तोवर ती वनविभागाच्या आवारात ऊन-पाऊस खात उभी. दोष सिद्ध झाला, तर कोर्ट शस्त्र परवाना रद्द करून पाच वर्षं नवा न देण्याचा आदेश देऊ शकतं. वर परवान्याच्या अटी मोडल्या म्हणून शस्त्र कायद्याचं कलम ३० लागतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड. साऱ्या बिलातली ही सगळ्यात स्वस्त ओळ. पिस्तूल विनापरवाना असेल, तर त्याचीच किमान दोन वर्षं. आणि गोळी नाही झाडली, तरी सुटका नाही. परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरणं हाच गुन्हा आहे, त्यामुळे गेटवर ‘गाडीतच राहू दे, काढणार नाही’ हे चालत नाही. पिस्तूल घरीच ठेवून यावं.

एअरगनवाल्यांचाही एक गोड गैरसमज असतो. ४.५ मिमी आणि २० ज्यूलच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही हे खरं. पण वन्यजीव कायद्याच्या व्याख्येत जाळं, फासा, सुरी, विष सगळंच हत्यार आहे. पकडणं, पकडायचा प्रयत्न करणं, घरट्यातली अंडी फोडणं हेही शिकारीतच मोडतं.

नेमबाजीचीच हौस असेल, तर ती वेगळी आणि सरळ बाब आहे. १० मीटर एअर पिस्तूल रेंजवर शिकता येतं. सुरुवातीला क्लबचंच पिस्तूल वापरावं, कारण स्पर्धेचं आयात पिस्तूल लाखाच्या पुढे जातं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं ते कागदी आणि इलेक्ट्रॉनिक लक्ष्यांवर सराव करून.

आणि पाखरंच हवी असतील, तर ८×४२ ची दुर्बीण घ्या. कामापुरती सात-आठ हजारांत येते, पंधरा हजारांत चांगली. १०× किंवा १२× च्या मोहात पडू नये, हात हलतो आणि चित्रही. ‘मर्लिन’ हे आवाजावरून पक्षी ओळखणारं अॅप फुकट आहे. तिरोडा नागपूर-गोंदिया रेल्वेमार्गावर असल्याने येण्याचा खर्चही आटोक्यात राहतो. जंगल सफारीच्या बिलात प्रवेश शुल्क, जिप्सीचं भाडं, गाईडचं मानधन आणि मोठ्या लेन्सचं शुल्क अशा वेगवेगळ्या ओळी असतात. दर बदलत राहतात, म्हणून वनविभागाच्या ऑनलाइन बुकिंगवरचेच धरावेत, रिसॉर्टने फोनवर सांगितलेले नव्हे. एकट्याने जिप्सी घेणं महाग पडतं. सहा जण जमवले, तर भाडं वाटलं जातं. पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असतं. बदकं बघायची असतील, तर थंडीत यावं आणि सफारीवर सगळे पैसे न घालवता एक सकाळ तलावांच्या काठांना द्यावी. या भागात मालगुजारी तलावांना तोटा नाही आणि काठावर बसायला तिकीट लागत नाही.

एक राहिलं. रस्त्यावरच्या धाब्यावर किंवा बाजारात कुणी हळूच ‘गावरान तितर आहे, पाहिजे का’ म्हणालं, तर भाव विचारू नका. रानातलं पाखरू विकणारा जसा अडकतो, तसा घेणाराही. वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे.